बर्फाची नदी

नदी पावसावर जगते, ही आपली रोजची ओळख. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेयेस मात्र एक नदी आहे, तिचे मुख्य पोषण बर्फावर. नावही तसेच : स्नोई, म्हणजे हिमवती. उगमापासून मुखापर्यंत आज आम्ही आपणांस तिच्या काठाने नेणार आहोत.

त्या भूखंडावरील सर्वांत उंच शिखर कॉझियस्को. उंची २२२८ मीटर. त्याच्याच उतारावर ही नदी जन्मते. तिकडील ऋतू आपल्याहून उलट. आपल्याकडे आषाढधारा कोसळतात तेव्हा तेथे हिमवर्षाव होतो. डोंगरातील दलदलींत दाट शेवाळ वाढते. ते वितळलेले पाणी शोषून ठेवते व हळूहळू सोडते. काळ्यापिवळ्या पट्ट्यांचा, अंगठ्याच्या पेराएवढा एक दुर्मीळ बेडूक याच दलदलींत राहतो. खालच्या उतारांवर आपल्या परिचयाच्या निलगिरीचीच भावंडे उभी आहेत; वारा व बर्फ सोसून त्यांचे बुंधे वाकडेतिकडे झालेले.

जिंडाबाईन गाव मागे टाकल्यावर नदी दक्षिणेकडे वळून व्हिक्टोरिया राज्यात शिरते. तेथील खोल दऱ्यांच्या कड्यांवर झुपकेदार शेपटीचे वॉलाबी, म्हणजे कांगारूंचे लहान भाऊबंद, उड्या मारीत असतात. पुढे ऑर्बोस्टची सुपीक सपाटी लागते आणि सुमारे ३५० किलोमीटरांचा प्रवास संपवून मार्लो गावापाशी नदी समुद्रास मिळते.

बॅन्जो पॅटरसन यांच्या १८९० सालच्या काव्याने या नदीचे नाव घरोघरी पोचविले. परंतु तिच्या नशिबी निराळेच लिहिले होते. १९४९ ते १९७४ या काळात तेथे धरणे, बोगदे व वीजकेंद्रे यांची प्रचंड योजना उभी राहिली. तीसहून अधिक देशांतील एक लाखावर माणसे तेथे राबली. १२१ जणांनी प्राण गमावले. नदीचे पाणी डोंगर पोखरून पश्चिमेकडे, मरे व मरंबिजी या नद्यांत वळविले गेले. वीज मिळाली, कोरड्या प्रदेशांत शेते पिकली. हा लाभ खोटा नव्हे.

पण त्याची किंमत खालच्या अंगाने मोजली. १९६७ साली जिंडाबाईनचे धरण पुरे झाले. जुने गाव पाण्याखाली गेले, आणि त्या ठिकाणच्या प्रवाहाचे शंभरांतील नव्व्याण्णव वाटे अडले. वसंतात बर्फ वितळून येणारा पूर पात्र धुऊन काढीत असे, तो थांबला. डोह वाळूने भरले, पात्रात विलोची झाडे माजली, मुखाकडून खारे पाणी आत चढू लागले.

नदीकाठच्या लोकांनी वर्षानुवर्षे गाऱ्हाणे मांडले. अखेर २००२ साली थोडे पाणी पुन्हा सोडण्यास आरंभ झाला. मूळ प्रवाहाच्या २१ टक्के व पुढे २८ टक्के पाणी परत देण्याचे ठरले. हल्ली वसंतात मुद्दाम मोठे विसर्ग सोडतात, जेणेकरून नदीस तिचा जुना पूर आठवावा.

वाचकहो, पाटाच्या तोंडाशी ज्याचे शेत, त्याचे पाणी कधी आटत नाही; शेवटच्या शेताचे हाल त्यास दिसत नाहीत. नव्व्याण्णव वाटे घेण्यास एक धरण पुरले. अठ्ठावीस परत देण्याचे नुसते ठरविण्यास पस्तीस वर्षे लागली. म्हणून पाणी वळविण्यापूर्वीच खालच्या गावास विचारावे, हे बरे.