बाण कोणाचा?

अकरावीला गतीचे नियम सुरू करताना मी पहिल्या तासाला नियम सांगतच नाही. एक नाणं वर उडवते आणि विचारते: नाणं हातातून सुटलंय, अजून वर चाललंय, माथ्यावर पोचायचंय. या क्षणी त्याच्यावर कोणकोणती बलं आहेत, बाण काढून दाखवा. हवेचा विरोध सोडून द्या.

बहुतेक वह्यांत दोन बाण येतात. खाली एक, गुरुत्वाकर्षणाचा. वर दुसरा, त्याहून लांब, आणि त्याच्याशेजारी लिहिलेलं असतं, ‘हाताचं बल’. मुलांना विचारलं की ती या चित्रामागची सगळी गोष्ट सांगतात. वरचं बल मोठं म्हणून नाणं वर जातं, ते हळूहळू संपत जातं, माथ्यावर दोन्ही बलं सारखी होतात, मग गुरुत्वाकर्षण जिंकतं आणि नाणं खाली येतं. गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सुसंगत आहे. अडचण एवढीच की ज्या हाताच्या नावाने बाण काढला, तो हात तिथे नाही. तो नाण्यापासून दोन फूट खाली आहे.

जॉन क्लेमेंट या अमेरिकी संशोधकाने इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना हाच नाण्याचा प्रश्न विचारला आणि १९८२ साली त्यावर निबंध लिहिला. यांत्रिकी शिकून झाल्यावरही बहुतेकांच्या चित्रात तो वरचा बाण होताच. मला या निबंधाचं नवल वाटलं नाही, पण धीर आला. हा बाण आमच्या तालुक्यातल्या मुलांचा नाही, मराठी माध्यमाचाही नाही. गती दिसली की माणसाचं मन तो आपोआप काढतं.

आणि फार पूर्वीपासून काढत आलंय. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसने म्हटलं की फेकणारा माणूस फेकलेल्या वस्तूत काहीतरी भरून देतो आणि तेच तिला पुढे नेतं. चौदाव्या शतकात पॅरिसमध्ये ब्युरिदानने हाच विचार अधिक नेटका केला. आपल्याकडे वैशेषिक दर्शनात प्रशस्तपादांनी ‘वेग’ हा संस्कार मानला. प्रत्यंचेने बाणाला पहिली गती दिली, त्या गतीतून बाणात वेग उपजला, तो पुढची गती चालवत राहिला, आणि वेग सरला की गुरुत्वामुळे बाण पडला. हे मी वर्गात आवर्जून सांगते. ‘हाताचं बल’ लिहिणाऱ्या मुलीला कळायला हवं की ती मोठ्या विचारवंतांच्या पंगतीत बसली आहे. तिथून उठायला जगाला हजारभर वर्षं लागली, तेव्हा तिला दोन आठवडे लागले तर लागू देत.

उठवायचं कसं? ‘चूक’ असं म्हणून उपयोग नाही. ती तेवढ्यापुरता बाण खोडते आणि परीक्षेत पुन्हा काढते. मी एकच प्रश्न धरून ठेवते: हा बाण कोणाचा? बल कोण लावतंय, त्या वस्तूचं नाव सांग. अकरावीच्या यांत्रिकीत बल लावायला एक तर काहीतरी टेकलेलं असावं लागतं, नाहीतर पृथ्वी दुरून ओढत असते. नाण्याला हवेखेरीज काय टेकलंय? काहीच नाही. हवा आपण सोडून दिली. मग उरली पृथ्वी. एक बाण, खाली. वर जातानाही, माथ्यावरही, खाली येतानाही तोच, तेवढाच.

“पण मॅडम, मग ते वर कशाने जातंय?” हा प्रश्न दरवर्षी येतो आणि तो आला नाही तर मला काळजी वाटते, कारण न विचारणाऱ्यांनी उत्तर पाठ केलेलं असतं. वर जायला कशाची गरजच नाही, हे उत्तर ऐकायला सोपं आणि पचायला महाकठीण. वेग वस्तूजवळ असतो, तो टिकवायला कोणी पाठीशी लागत नाही. बल लागतं ते वेग बदलायला. न्यूटनने १६८७ मध्ये हे पहिला नियम म्हणून छापलं. पण आपण राहतो ते जग सतत याच्या उलट साक्ष देतं. हातगाडी ढकलायची थांबलो की ती थांबते. घर्षण डोळ्यांना दिसत नाही, थांबलेली गाडी दिसते.

म्हणून माझ्या वर्गात बाणाला दोन नावं द्यावी लागतात. नुसतं ‘वजन’ चालत नाही, ‘पृथ्वीचं नाण्यावर’ असं लिहायचं. ‘टेबलाचं पुस्तकावर’, ‘दोरीचं बादलीवर’. ज्या बाणाला पहिलं नाव मिळत नाही तो पुसायचा. ज्याचं दुसरं नाव आपण निवडलेल्या वस्तूचं नाही, तो दुसऱ्या चित्रातला, तोही पुसायचा. वेगाचा आणि त्वरणाचा बाण हवा असेल तर चित्राच्या बाजूला, वेगळ्या रंगात. वस्तूवर फक्त बलं. एवढं केलं की एफबीडी, म्हणजे फ्री बॉडी डायग्राम, एकट्या वस्तूचं बलचित्र, झाली. वाचायला हे क्षुल्लक वाटेल, पण यांत्रिकीतलं अवघड काम इथेच संपतं. पुढे उरतं ते बीजगणित.

टेबलावर ठेवलेलं पुस्तक याच्या उलट त्रास देतं. नाण्याच्या वेळी मुलं नसलेला बाण काढतात, इथे असलेला विसरतात. टेबल काय बल लावणार, ते नुसतं आडवं येतंय, असं त्यांना मनापासून वाटतं. बल लावायला जीव लागतो, निदान स्नायू किंवा इंजिन तरी, ही समजूत खोल असते. मी प्रयोगशाळेतल्या लांब टेबलावर छोटा आरसा ठेवते, त्यावर लेझरचा किरण तिरपा सोडते आणि परावर्तित ठिपका लांबच्या भिंतीवर पाडते. मग एका मुलाला टेबलावर चढायला सांगते. ठिपका सरकतो. मुलगा उतरला की ठिपका परत जागेवर. लाकूड वाकलं, डोळ्यांना दिसणार नाही इतकं, आणि वाकलेलं लाकूड वर ढकलतं. या एका ठिपक्यानंतर ‘टेबलाचं पुस्तकावर’ हा बाण मला कोणाला सांगावा लागत नाही.

पण लगेच दुसरं संकट येतं. पुस्तकावरचे हे दोन बाण सारखे आणि विरुद्ध, म्हणजे क्रिया-प्रतिक्रिया, असं मुलं लिहितात; मी तपासलेल्या उत्तरपत्रिकांत ते अनेकदा दिसलंय. इथे दोन नावांची सवय कामी येते. ‘पृथ्वीचं पुस्तकावर’ याची जोडी नावं उलटवून मिळते: ‘पुस्तकाचं पृथ्वीवर’. ती पुस्तकाच्या चित्रात असूच शकत नाही. ‘टेबलाचं पुस्तकावर’ याची जोडी ‘पुस्तकाचं टेबलावर’. पुस्तकावरचे दोन बाण सारखे आहेत ते पुस्तक स्थिर आहे म्हणून, तिसऱ्या नियमामुळे नव्हे. आता टेबलाच्या जागी लिफ्टची जमीन घ्या आणि पुस्तकाच्या जागी माणूस. ६० किलोचा माणूस स्थिर लिफ्टमध्ये उभा असेल तर जमीन त्याला सुमारे ५९० न्यूटनने वर ढकलते. लिफ्ट १ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणाने वर निघाली की तेच बल सुमारे ६५० न्यूटन होतं. पृथ्वीची ओढ तीच राहिली. क्रिया-प्रतिक्रियेची जोडी असती तर अशी फारकत झालीच नसती.

घर्षण नेहमी गतीला विरोध करतं, हेही असंच एक पाठ केलेलं वाक्य. मी त्यासमोर ट्रकमधली कांद्याची गोणी ठेवते. ट्रक सुटतो, गोणी न घसरता त्याच्याबरोबर पुढे जाते. गोणीला आडव्या दिशेने टेकलेलं काय आहे? फक्त खालचा फळा. तिला पुढे नेणारा एकमेव बाण घर्षणाचा, आणि त्याचं तोंड पुढे आहे. घर्षण विरोध करतं ते एकमेकांवरून घसरण्याला. वर्ग गप्प होतो तेव्हा समजावं की वाक्य निघालं आणि त्या जागी विचार येतोय.

आता घाटाबद्दल, कारण एफबीडीची खरी श्रीमंती मला तिथे दिसते. कर्जतहून लोणावळ्याला चढताना भोर घाटात चढ १:३७ आहे, म्हणजे रुळावर ३७ मीटर गेलं की १ मीटर उंची. कर्जतला गाडी थांबते, प्रवासी वडापाव घेतात, आणि शेवटी एक हलका धक्का बसतो. मागे बँकर इंजिनं जोडली गेलेली असतात. आम्ही वर्गात १८ डब्यांची गाडी घेतो, प्रत्येक डबा ४० टनांचा धरतो, एकसारखा वेग धरतो आणि घर्षण तूर्त बाजूला ठेवतो.

आता वस्तू कोणती निवडायची? हाच प्रश्न मुलांना कोणी विचारलेला नसतो. पुस्तकातल्या गणितात ठोकळा आधीच निवडून दिलेला असतो. एक डबा घेतला तर त्याच्या वजनाचा उतारावरून खाली ओढणारा भाग येतो सुमारे १०,६०० न्यूटन. सगळे १८ डबे मिळून एक वस्तू मानली तर सुमारे १ लाख ९१ हजार. मागे कोणी नसेल तर एवढी सगळी ओढ इंजिन आणि पहिला डबा यांच्यामधल्या एका कपलिंगवर येते. आता बँकर जोडा आणि निम्मा भार त्यांच्यावर टाका. पहिलं कपलिंग निम्म्यावर येतं. मग मी म्हणते, गाडी नवव्या आणि दहाव्या डब्याच्या मध्ये कापा आणि पुढच्या नऊ डब्यांचं चित्र काढा. पुढचं इंजिन सुमारे ९५ हजार न्यूटनने वर ओढतंय, नऊ डब्यांच्या वजनाचा उतारावरचा भाग तेवढाच खाली ओढतोय. मधल्या कपलिंगसाठी काही उरलंच नाही. तिथे ताण शून्य. त्याच्या पुढचे डबे ओढले जातायत, मागचे ढकलले जातायत, आणि प्रवाशाला याचा पत्ता नाही.

कापायची जागा आपण ठरवतो, आणि जिथे कापू तिथलं लपलेलं बल बाहेर येतं. पूर्ण गाडीच्या चित्रात कपलिंगचे बाण दिसणारच नाहीत, कारण तिथे ते आतले. कापल्याशिवाय त्यांच्याविषयी काही विचारताच येत नाही. कापण्याची ही ताकद न्यूटनपेक्षाही गणितज्ञ ऑयलरने ओळखली असं मला वाटतं. १७५० मध्ये बर्लिनच्या अकादमीपुढे मांडलेल्या निबंधात त्याने बल आणि त्वरण यांचं नातं तीन परस्परलंब दिशांसाठी समीकरणांत लिहिलं आणि ते पिंडाच्या प्रत्येक कणाला लागू केलं. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, हे समीकरण आपण न्यूटनच्या नावाने शिकतो, पण न्यूटनच्या ग्रंथात ते या रूपात नाही. आज पुलाच्या तुळईचा हिशेब करणारा अभियंता मनातल्या मनात तुळई कापतो, तेव्हा तो ऑयलरच्या मागे चाललेला असतो.

वळणावरच्या एसटीत बाहेर फेकलं जाण्याचं बल कोणाचं, हेही मुलं विचारतात. त्याला पहिलं नाव सापडत नाही. बसच्या आत बसून हिशेब करायचा असेल तर ते आभासी बल म्हणून घ्यावं लागतं, पण तो धडा मी पहिले दोन महिने उघडत नाही. रस्त्यावर उभं राहून पाहायची सवय आधी पक्की व्हायला हवी.

प्रवेश परीक्षांच्या तयारीत याला वेळ नाही, असं मला पालक सांगतात. कप्पीचं सूत्र, उताराचं सूत्र, दोन ठोकळ्यांचं सूत्र पाठ करून मुलं भराभर उत्तरं काढतात, हे खरं आहे. पण उत्तर येणं आणि कल्पना समजणं वेगळं. १९९२ मध्ये हेस्टेनिस, वेल्स आणि स्वॅकहॅमर यांनी बलाच्या कल्पनांवर एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात गणित जवळपास नाही, आणि चुकीचे पर्याय मुलांच्या स्वतःच्या समजुतींतून घेतलेले. हार्वर्डमध्ये एरिक माझूर यांनी तिच्या आधीची, तशाच धर्तीची चाचणी आपल्या विद्यार्थ्यांना दिली, तेव्हा वर्गातून कोणीतरी विचारलं की उत्तरं तुम्ही शिकवल्याप्रमाणे लिहायची की मला खरंच वाटतं त्याप्रमाणे. सूत्रं उत्तम येणाऱ्या मुलांच्या मनात दोन वेगळी जगं असू शकतात, एक परीक्षेचं आणि एक स्वतःचं. ही दोन जगं जोडण्याचं काम मला पगारापलीकडचं वाटतं. म्हणून चाचणीत निम्मे गुण मी चित्राला देते. उत्तर बरोबर आणि बाण चूक असेल तर निम्मेच.

सत्र संपायच्या आधी एक प्रश्न मी न चुकता ठेवते. सपाट रस्त्यावर सायकल पेडल मारत वेग घेतेय. रस्त्याचं घर्षण मागच्या चाकावर कोणत्या दिशेने, आणि पुढच्या चाकावर कोणत्या? तोंडाने उत्तर द्यायचं नाही, आधी काढायचं. मागचं चाक साखळीने फिरवलं जातंय, ते रस्त्याला मागे ढकलतं, म्हणून रस्त्याचा बाण पुढे. पुढच्या चाकाला कोणी फिरवत नाही, रस्ताच त्याला फिरवतो, म्हणून तिथे बाण मागे, आणि पहिल्याहून खूप लहान. मग पेडल थांबवा आणि चित्र पुन्हा काढा. काही मुलं इथे मागच्या चाकाचा बाण तसाच ठेवतात, काही तो उलटवतात, आणि उरलेला तास मला काही बोलावं लागत नाही, कारण ती एकमेकांच्या वह्यांवर बोट ठेवून विचारत असतात: हा कोणाचा?