हिशेबाच्या वहीची मागची पानं

फलटणच्या बेबीताई कांबळे दुकान सांभाळता सांभाळता लिहीत आणि वह्या नवऱ्याच्या नजरेआड ठेवीत. त्यांचंच १९८६ साली ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झालं. आपल्या कोकणातल्या उर्मिला पवारांचं ‘आयदान’ २००३ सालचं. आई टोपल्या विणी, लेकीनं आठवणी विणल्या.

मालवणात मीही हिशेबाच्या वहीत मागच्या पानांवर लिहिते. शाळेतून आल्यावर बांगड्याचं तिखलं शिजेपर्यंत चार ओळी होतात. सासूबाई म्हणतात, “लोक काय म्हणतले गो?” भीती खरीच आहे, आपलं लिहिताना घरच्यांचंही उघड्यावर येतं. म्हणून छापायचं की नाही, ते सगळ्यांना वाचून दाखवून मग ठरवीन. पण मैत्रिणींनो, लिहायला तरी लागूया! नाहीतर आपल्यामागे उरेल तो नुसता वाण्याचा हिशेब.