तळघरातील ओल

जुन्या घराची डागडुजी काढली, की आपले लक्ष प्रथम कौलांकडे, मग ओसरीकडे आणि शेवटी रंगाकडे जाते. तळघर मात्र सर्वांच्या विस्मरणात राहते. वास्तविक घराचा भार वाहणाऱ्या भिंती तेथेच ओल्या जमिनीला टेकून उभ्या असतात. ह्या बाबतीत आम्हांस जो अनुभव आला, तो आपल्या खेडोपाडीच्या कुटुंबांस उपयोगी पडेल, असे वाटते.

आमचे गाव खानापूर तालुक्यात आहे. मलप्रभा जेथे उगम पावते, ती कणकुंबी येथून दूर नाही. तेव्हा पावसाविषयी निराळे सांगावयास नको. आजोबांनी बांधलेले जांभ्या दगडाचे घर उतारावर असल्यामुळे त्याचे तळघर मागील बाजूने पूर्णपणे जमिनीत गेले आहे. बी-भात, नारळ आणि लोणच्याच्या बरण्या यांची ती जागा. २०२३ च्या पावसाळ्यात तेथील शेवाळलेल्या पायरीवरून आईचा पाय घसरला आणि मनगट मोडले. पुढील उन्हाळ्यात घराचे काम काढले, तेव्हा थोरले बंधू म्हणाले, "तळघर मातीने भरून टाकू आणि मोकळे होऊ." आई म्हणाली, "अरे, बुजवाल तर बी कोठे ठेवाल? पायरी नीट करा. तळघराने तुमचे काय वाकडे केले?" ह्यावर घरात कोणापाशी उत्तर नव्हते.

गवंड्याने सुचविले, "दादा, आतून सिमेंटचा जाड गिलावा करू, ओल दिसणार नाही." दिसणार नाही हे खरे, पण ती जाणार कोठे? एका भिंतीला पूर्वीच असा गिलावा झालेला होता, आणि नेमक्या त्याच भिंतीवर लोणा पुरुषभर उंचीपर्यंत चढला होता. चुन्याच्या गिलाव्यातून भिंतीतील पाणी वाफ होऊन बाहेर पडते. सिमेंटमागे ते कोंडते व वर चढते. म्हणून तो गिलावा काढून भिंतींस पुन्हा चुनाच लावला.

तत्पूर्वी ओल येते कोठून, हे पाहणे अवश्य होते. त्याची युक्ती सोपी आहे. पावसाळ्यातच आम्ही प्लास्टिकचे वीतभर तुकडे चारी कडांनी भिंतींवर घट्ट चिकटवून दोन दिवस ठेवले होते. मागील भिंतीवर तुकड्याच्या आतून थेंब जमले, म्हणजे पाणी भिंतीतून येत होते. पुढील भिंतीवर थेंब बाहेरून होते, म्हणजे दमट हवा थंड दगडावर निवत होती. रोग दोन, तेव्हा औषधेही दोन.

मागील भिंतीचे औषध घराबाहेर होते. पागोळ्यांचे पाणी थेट पायाशी पडत असे. तेथे पन्हळ बसवून ते दूर नेले. भिंतीपासून १० फुटांत ६ इंच उतार पडेल अशी जमीन केली. भिंतीलगत चर खणून त्यात भोके पाडलेला नळ व खडी घातली आणि नळाचे तोंड खालच्या शेतात काढले. मात्र जुन्या भिंतीशेजारी चर खणणे धोक्याचे काम आहे. पायाच्या बुडाखाली कुदळ जाता कामा नये, आणि सारी लांबी एकदम उघडी करू नये. तीन-चार हात खणावे, भरावे, मग पुढे सरकावे. भिंत आत फुगलेली असेल, तर जाणत्या इंजिनियरास दाखविल्यावाचून मातीला हात लावू नये. पुढील भिंतीसाठी समोरासमोर दोन झरोके केले. भर पावसात ते मिटलेले असतात. नाताळच्या सुमारास हवा कोरडी झाली, की दिवसभर उघडे ठेवतो.

आता सुरक्षिततेविषयी. पायऱ्या एकाच उंचीच्या, खरबरीत दगडाच्या केल्या आणि कठडा बसविला. विजेची बटणे जिन्याच्या माथ्यावर घेतली, आणि ३० मिलिअँपिअर वीज गळताच प्रवाह तोडणारे यंत्र लावले. स्वयंपाकाच्या गॅसचे सिलिंडर तळघरात कदापि ठेवू नये. तो वायू हवेपेक्षा जड असल्याने गळला तर तळाशी साचून राहतो. तेथे जनरेटर चालवू नये आणि शेगडी पेटवू नये. कोंदट जागी ओले धान्य साठविले असता हवेतील प्राणवायू कमी होतो. धान्याच्या विषारी गोळ्यांचा वायू तर कंदिलाच्या ज्योतीवरून ओळखताही येत नाही. अशा ठिकाणी कोणी बेशुद्ध पडल्यास त्याच्या मागोमाग खाली उडी घेणारा बहुधा दुसरा बळी ठरतो. आधी हवा खेळू द्यावी आणि मदत बोलवावी.

हे सर्व करूनही तळघर वाळवंटासारखे कोरडे झाले आहे, असे नव्हे. आषाढात मागील भिंत अजून किंचित गार लागते. तथापि लोणा पुन्हा चढलेला नाही, आणि बियाण्याच्या कणगीला बुरशीचा वास येत नाही. जमिनीतील पाण्याशी भांडून कोणी जिंकत नाही. त्याला वाट करून दिली, की ते आपल्या वाटेने निघून जाते. आई आता कठड्याला धरून स्वतः खाली जाते, आणि बरण्या जागच्या हलविल्याबद्दल आम्हां सर्वांस बोलते.