गुळाचा खडा आणि पाठांतराची वही



लग्नाआधी बी.कॉम. झाले, नोकरी कधी केली नाही, पण हिशेबाची सवय काही गेली नाही. बस्तीतल्या रविवारच्या पाठशाळेचा बालवर्ग माझ्याकडे आला तेव्हा मी आधी एक वही आखली. डावीकडे मुलांची नावं, वर रकाने: णमोकार मंत्र, चोवीस तीर्थंकरांची नावं, पाच इंद्रियं. पाठ झालं की खूण. महिनाअखेरीला खुणा मोजायच्या आणि खूश व्हायचं.

वर्गात चार वर्षांचा एक मुलगा होता, सगळ्या रकान्यांत खूण असलेला. मुंगीला किती इंद्रियं? "तीन! स्पर्शन, रसना, घ्राण!" एका दमात. एका रविवारी वर्ग सुटल्यावर तो नळापाशी दिसला. मुंग्यांची रांग चालली होती आणि हा चपलेच्या टाचेनं एकेक चिरडत होता. रागानं नव्हे हो, मजेत. मी ओरडले, "अरे, पाप लागतं!" तो दचकला, रडला आणि पुढचे दोन रविवार आलाच नाही. घरी येऊन वही उघडली. त्याच्या नावापुढे खुणा होत्याच.

त्याच सुमारास नात सुट्टीला आली होती. सुनेनं तिच्यासाठी एरिक कार्ल यांचं 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर' आणलं होतं. पुस्तक १९६९ सालचं, मला मात्र साठी उलटल्यावर भेटलं! अळीनं फळं खाल्ली म्हणून पानांना खरीखुरी भोकं. नात त्यात बोट घालायची आणि स्वतःच अळी व्हायची. एका पानावर ती अळी वाटेल ते खाते, त्यात मांसाचेही दोन पदार्थ. मी तिथं चिकटवायला कागद कापायला घेतला. सून म्हणाली, "आई, पुढचं वाचा तरी." पुढे अळीचं पोट दुखतं आणि हिरवं पान खाल्ल्यावर तिला बरं वाटतं. कागद राहिला. "हे आपण खात नाही," एवढंच नातीला सांगितलं.

त्या बोटाकडे बघताना मला माझी वही आठवत होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला पानं, खडे, शिंपले घेऊन मुलांना शिकवलं, हे मी कधीतरी वाचलेलं. वाचून ठेवून दिलेलं, दुसरं काय!

त्या मुलाच्या आईला फोन केला, चुकले म्हणाले. पुढच्या रविवारी तो आला. त्या दिवशी मी सतरंजीवर वाटीखाली गुळाचा खडा ठेवला, वाटी जराशी कलती. मुलांच्या डोळ्यांवर रुमाल, कानात कापूस. म्हटलं, आता तुम्ही मुंग्या. वासानं गूळ शोधा. रांगताना एकमेकांवर आदळत होती, हसत होती. मी वाटी सरकवायला वाकले आणि माझा पाय त्या मुलाच्या बोटांना लागला. तो किंचाळला, "आजी, पाय देऊ नका ना! मला दिसत नाही!"

मी तिथंच खाली बसले.

तो आता मुंग्या मारत नाही, असं मी छातीठोक सांगणार नाही. चार वर्षांचं पोर ते. पाठांतरही मी सोडलेलं नाही. ऐकून ऐकून जिभेवर बसलेलं म्हातारपणी उपयोगी पडतं. पण आधी खेळ, मग पाठ, असा क्रम केला. "नुसतं खेळवता," अशी एका पालकांची तक्रार आली. त्यांनाही डोळे बांधून रांगायला बोलावलं आहे, अजून आले नाहीत. वहीत खेळाचा रकाना मात्र आखता आलेला नाही. खूण कशाची करणार?

आणि नातीनं एक घोटाळा करून ठेवलाय. आमच्या तक्त्यावर अळी दोन इंद्रियांच्या ओळीत आणि फुलपाखरू चार इंद्रियांच्या. पुस्तकातल्या अळीचं शेवटी फुलपाखरू होतं. ते बघून ती म्हणाली, "आजी, मग हिला मधेच डोळे कुठून आले?" या चातुर्मासात माताजींना विचारायचं ठरवलं आहे. तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असेल तर जरूर कळवा.