रजिस्टरवाले दादा

माझ्या बाबांची दोन एकर जमीन आजही त्यांच्याच नावावर आहे, ती तालुक्याच्या गावी सेतू केंद्र चालवणाऱ्या एका माणसामुळे. नात्यागोत्यात ते आमचे कोणी नाहीत. त्यांना अख्खा तालुका दादा म्हणतो, आम्हीही म्हणतो. जातीचे दाखले, पीकविम्याचे अर्ज, बोर्डाचे निकाल, झेरॉक्स, एवढाच त्यांचा धंदा. डॉक्टरकीशी त्यांचा संबंध फक्त पोरांचे फॉर्म भरण्यापुरता. पण मी आज गळ्यात स्टेथोस्कोप घालून उपकेंद्रात बसते, त्याचा पाया त्यांच्या काउंटरवर घातला गेला.

4 जून 2018 ला नीटचा निकाल लागला. मला 720 पैकी 211 गुण होते. त्या वर्षी खुल्या गटाची पात्रता 119 गुणांवर आणि आम्हा ओबीसींची 96 वर थांबली होती. म्हणजे मी पात्र. बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या घाटावरच्या गावात नीटला बसलेली पोरंच मोजकी, त्यात पोरगी पात्र झालेली. आईने पेढे वाटले, सरपंचकाका घरी येऊन गेले. रात्री बाबांच्या मोबाइलवर अनोळखी नंबर वाजायला लागले. कोणी परराज्यातल्या खाजगी कॉलेजातली एमबीबीएसची सीट देत होतं, कोणी परदेशातली. ‘मुलगी क्वालिफाय आहे, सीट पक्की समजा. फक्त टोकन लवकर भरा, नाहीतर जागा जाईल.’ दुसऱ्या दिवशी बाबांनी गावातल्या एका सावकाराकडे दोन एकराच्या भावाची विचारपूस करून ठेवली.

तिसऱ्या दिवशी गुणपत्रकाच्या रंगीत प्रिंटा काढायला आम्ही दादांकडे गेलो. बाबा खुशीत होते. म्हणाले, “दादा, माही पोरगी पास झाली. आता नंबर लागलाच समजायचा ना?”

दादांनी प्रिंट हातात घेतली, गुण पाहिले, रँक पाहिली आणि काउंटरखालून एक उभं रजिस्टर काढलं. लाल कापडी पाठ, किराणा दुकानात उधारीला वापरतात तसलं. पानापानावर कॉलेजांची नावं होती : अकोला, यवतमाळ, नागपूरचं मेडिकल, मेयो, औरंगाबादची घाटी. प्रत्येक नावाखाली रकाने पाडलेले, खुला, ओबीसी, एससी, एसटी, व्हीजेएनटी. पहिल्या फेरीचा शेवटचा गुण निळ्या शाईत, पुढच्या फेऱ्यांचा लाल शाईत. 2016 पर्यंत आपल्या शासकीय कॉलेजांतल्या राज्याच्या जागा सीईटीवर भरल्या जायच्या, 2017 पासून सगळं नीटवर गेलं. त्यामुळे जुने आकडे कामाचे राहिले नव्हते. प्रवेशाच्या याद्या एकेक उतरवून दादांनी हे नवं रजिस्टर सुरू केलं होतं. अकोल्याच्या पानावर त्यांनी माझ्यापुढे बोट ठेवलं. माझे गुण दुप्पट केले असते, तरी तिथे जेमतेम पुरले असते.

मग ते बाबांकडे वळले. “काका, सोयाबीनची गाडी बाजार समितीच्या गेटातून आत गेली म्हणजे माल विकल्या गेला काय?”

“असं कसं? हर्रास व्हाचा रायते, भाव लागाचा रायते, काटा व्हाचा रायते.”

“मंग हे 96 मार्क म्हणजे गेटची पावती. पोरगी आत गेली. हर्रास अजून बाकी आहे.”

बाबा खुर्चीवर बसले. त्यांना जे कळलं ते कळलं. मला मात्र दादांनी पुढचं गणित कागदावर मांडून दिलं. खुल्या गटाला 50 पर्सेंटाइल लागतं, राखीव गटांना 40. पन्नास पर्सेंटाइल म्हणजे पन्नास टक्के गुण नव्हेत. परीक्षेला बसलेल्या निम्म्या मुलांना मागे टाकलं, एवढाच त्याचा अर्थ. टक्क्यांत काढलं तर 119 गुण साडेसोळा टक्केच भरतात. म्हणून हा आकडा दरवर्षी हलतो. 2017 ला तो 131 होता, पुढे 2022 ला 117 पर्यंत उतरला आणि 2024 च्या सुधारित निकालात 162 वर चढला. पेपर अवघड गेला की पात्रता खाली, सोपा गेला की वर. 2018 ला देशभरात सात लाखांहून जास्त मुलं पात्र ठरली होती आणि एमबीबीएसच्या जागा साठेक हजार. “या दोन आकड्यांच्या मधात जेवढी लेकरं उभी आहेत ना,” दादा म्हणाले, “तेवढी या फोनवाल्यांची गिऱ्हाइकं.”

फोनवाले तसं खोटं बोलत नव्हते, हेही दादांनीच सांगितलं. खाजगी कॉलेजातली महागडी जागा घ्यायला पात्रता लागते आणि ती माझ्याकडे होती. परदेशात शिकायलाही त्याच वर्षीपासून नीटची पात्रता सक्तीची झाली होती. पात्रतेची रेघ जितकी खाली, तितकी पैसेवाल्यांना निवड जास्त. पैसा नसलेल्याला मात्र गुणवत्ता यादीतला आपला क्रमांकच तारतो. पुढे सप्टेंबर 2023 मध्ये पदव्युत्तर नीटची पात्रता थेट शून्य पर्सेंटाइलवर आणली, रिकाम्या जागा भराव्यात म्हणून. ती बातमी वाचताना दादांचं हे बोलणं मला पुन्हा पटलं.

दुसरा फेरा होता विभागाचा. तेव्हा 70:30 चं सूत्र लागू होतं : विदर्भातल्या कॉलेजांच्या राज्याच्या वाट्यातल्या 70 टक्के जागा विदर्भातल्याच मुलांना. आमच्या बाजूचा गंभीर रुग्ण घाटीत नेतात, नागपूर त्याच्या कितीतरी पलीकडे. पण प्रवेशाच्या हिशेबात घाटी मराठवाड्याची आणि आम्ही विदर्भाचे. दादांनी घाटीचं पान उलटून टाकलं आणि म्हणाले, “हे तुह्या कामाचं नाही. तू अकोला-यवतमाळ-नागपूरचं पाह्य.” हे सूत्र सरकारने सप्टेंबर 2020 मध्ये रद्द केलं, तेव्हा दादांच्या रजिस्टरची बरीच पानं पुन्हा आखावी लागली.

बाबांनी त्या दिवशी फोन बंद केला. मी आणखी एक वर्ष अभ्यास करायचं ठरलं. दादांनी नॉन क्रीमी लेयर काढून घेतलं आणि जात वैधतेचा अर्ज बुलढाण्याच्या समितीकडे त्याच आठवड्यात टाकायला लावला. “मार्क आले आन् व्हॅलिडिटी नाही, अशी लेकरं माह्यासमोर रडली आहेत,” ते म्हणाले. त्यांनी प्रिंटांचे आणि झेरॉक्सचे पैसे घेतले, दरपत्रकात होते तेवढेच. सल्ल्याचं नावही काढलं नाही.

दुसऱ्या वर्षी गुण वाढले, पण एमबीबीएसला कमीच पडले. यावेळी निकालाच्या दिवशी घरात ना पेढे होते ना रडारड. दादांनी आयुर्वेदाची पानं उघडली. बीएएमएस, बीएचएमएसलाही नीटचीच पात्रता लागते आणि तिथे माझ्या गुणांना भाव होता. एका अनुदानित आयुर्वेद महाविद्यालयात, परवडेल अशा फीमध्ये माझा नंबर लागला. पसंतीक्रम भरताना दादांनी एकच अट घातली : “जाशील तेच कॉलेज टाक. लोकाले दाखवासाठी टाकू नको.” आता मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे. रक्तदाब, साखर, गरोदर बायांची तपासणी, सापाचं पान लागलेला माणूस वेळेत पुढे पाठवणं, हे माझं रोजचं काम.

एजंट सेतू केंद्रवाल्यांना पोरांच्या फोननंबराचे पैसे देऊ करतात, हे मला फार उशिरा कळलं. एका मुलाचा प्रवेश झाला की त्यावर वेगळं कमिशन. दादांकडे अख्ख्या तालुक्यातल्या पोरांचे नंबर होते. त्यांनी ते विकले असते तर कोणाला कळलंही नसतं. त्यांना विचारलं, तर म्हणाले, “मंग रजिस्टर कायले ठेवलं असतं?”

9 ऑक्टोबर 2024 ला राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यात बुलढाण्याचंही होतं, शंभर जागांचं. मी फोन केला तेव्हा दादा पान आखत बसले होते. जिल्ह्यात कॉलेज आलं म्हणून गुण खाली येतील असं समजू नका, हे ते पालकांना आधीच सांगून ठेवत होते.

हे ऋण फेडायचं कसं, याचा मी विचार केला आहे. न बुडालेल्या पैशाची पावती नसते, त्यामुळे हिशेब मांडता येत नाही. दादांना भेटवस्तू चालत नाही, एकदा नेलेली साडी त्यांच्या घरच्या काकूंनी परत पाठवली. म्हणून निकालाच्या आठवड्यात दुपारची ओपीडी आटोपली की उपकेंद्राच्या बाकावर पालकांना घेऊन बसते. गुणपत्रक बघायच्या आधी विचारते, कोणाला टोकन दिलं नाही ना? नसेल दिलं, तर रँक कागदावर उतरवते, दाखल्यांची यादी देते आणि दादांकडे पाठवते. जाताना सांगते, झेरॉक्सचे पैसे सुटे न्या, ते जास्तीचे ठेवून घेत नाहीत.