औरवाड

माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं औरवाड. कृष्णेच्या या काठाला नरसोबाची वाडी, त्या काठाला आम्ही. लग्न होऊन कोल्हापुरात आले तेव्हा शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या हो?" म्हटलं, औरवाडच्या. "ते झालं, पण मूळच्या?" त्या 'मूळच्या'ला उत्तर मला बरीच वर्षं सुचलं नाही.

गुरुचरित्रात आमच्या गावाचं नाव अमरापूर आहे. अमरेश्वराचं देऊळ अजून गावात आहे. नृसिंहसरस्वती नदी ओलांडून इथं भिक्षेला येत. एका गरीब ब्राह्मणाच्या घरी दाणा नव्हता, म्हणून त्याच्या बायकोनं घेवड्याच्या शेंगा वाढल्या. जाताना गुरूंनी तो वेलच उपटून टाकला आणि मुळाशी द्रव्याचा हंडा निघाला. ही गोष्ट मला दादीनं भाकरी थापता थापता दखनीत सांगितली. वर तिचं पदरचं, "बेल उखाड्या तब ओ बम्मनीन कित्ती रोई होगी!" हंड्यापेक्षा दादीला वेलाचं दुःख जास्त.

दुसरी गोष्ट आदिलशहाची. वाडीच्या अंगाऱ्यानं त्याच्या आंधळ्या मुलीला दृष्टी आली, म्हणून त्यानं पादुकांवर देऊळ बांधलं आणि औरवाड, गौरवाड ही दोन गावं देवाला इनाम दिली, असं दोन्ही काठांवर सांगतात. त्या देवळाला कळस नाही. म्हणजे विजापूरच्या मुसलमान बादशहानं दत्ताला वाहिलेलं आमचं गाव! लहानपणी मला त्यातलं एवढंच कळे, की वाडीला गेलं की कवठाची बर्फी मिळते.

काळी जमीन नदीनंच दिलेली, त्यामुळं तिच्यावर रागावता येत नाही. २००५ ला पाणी आलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर घरात छातीभर. अम्मीला होडीतून काढलं. १२ तारखेची बकरी ईद आम्ही शाळेतल्या छावणीत केली. कुर्बानीचे पैसे तिथल्याच चुलीला गेले. अम्मीनं घराचं काही विचारलं नाही. "वाडीत दत्त पाण्यात, इकडं तुझे अब्बा पाण्यात," एवढंच म्हणाली.

पाणी उतरल्यावर कब्रस्तानात गेलो. वीतभर गाळ. भावानं आणि मी हातानं उपसून अब्बांची कबर शोधली. भाऊ म्हणाला, आता कोल्हापूरला चल. अम्मी म्हणाली, "इनकू कौन देखेगा?"

२०२१ ला पुन्हा पाणी आलं. पुन्हा तिला होडीतून काढलं. पंधरा दिवसांनी पूल मोकळा झाला, तशी पहिल्या एस.टी.नं ती परत गेली.