रंधा आणि पाळणा

सुताराला कधी विचारून पाहा, "काय चालले आहे?" "रंधा चालला आहे," असे तो कधी म्हणणार नाही. "पाळणा चालला आहे," म्हणेल! करवत, रंधा, पटाशी ही सारी पाळण्याच्या चाकरीला. संगणकावर मात्र आपण उलटा कारभार मांडून बसतो. पत्रे एका प्रोग्रॅममध्ये, हिशेब दुसऱ्यात, छायाचित्रे तिसऱ्यात. हत्यारांची बिऱ्हाडे थाटलेली, आणि काम बिचारे दारोदार!

हे शहाण्यांच्या ध्यानात आले नव्हते असे नव्हे. झेरॉक्सच्या १९८१ सालच्या 'स्टार' संगणकावर आधी प्रोग्रॅम उघडावा लागत नसे. कागद उघडायचा, हत्यार आपसूक हजर! पुढे १९८६ साली झेरॉक्सच्याच हेंडरसन आणि कार्ड या संशोधकांनी 'रूम्स'ची कल्पना मांडली. एकेका कामाला पडद्यावर एकेक स्वतंत्र खोली! तरीही घरोघर नांदली ती हत्यारांचीच व्यवस्था.

मी माझ्यापुरते बंड केले आहे. माझ्या पडद्यावर 'आई' नावाचे एक फोल्डर आहे. तिच्या रक्ततपासणीचे अहवाल, औषधांचा तक्ता, दवाखान्याचा हिशेब, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न, सारे एकाच छपराखाली. रात्री-अपरात्री तिला धाप लागली, तर कोणता कागद कोणत्या प्रोग्रॅमच्या घरी राहतो हे आठवत बसावे लागत नाही. आई आठवली की पुरे.

काम संपले की त्याचे फोल्डर मिटून कपाटात ठेवावे, असा या पद्धतीचा एक नियम आहे. मोठा शहाणा नियम! पण या एका फोल्डरपुरता तो मला मान्य नाही.